ठसा कोणाचा

दर पाच वर्षांनी वजन जिथे तपासायला जातं त्या वरच्या प्रयोगशाळेच्या पत्रात रागावल्यासारखं काही नव्हतं. आपण पाठवलेलं एक किलोचं प्रमाण वजन मिळालं. मागच्या खेपेपेक्षा ते एकसष्ट मायक्रोग्रॅमने जड भरतं. वरच्या बोंडाखालच्या मानेच्या जरा खाली माणसाच्या बोटाचा, बहुधा अंगठ्याचा, ठसा आहे आणि तो धातूत उतरलेला आहे. काढायचा झाल्यास आपली लेखी परवानगी लागेल, तूर्त वजन आहे तसंच परत पाठवत आहोत. सोबत एक फोटो होता. इथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांनी पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं आणि तो वाचेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. एकसष्ट मायक्रोग्रॅम म्हणजे काही नाहीच. मिठाचा एक कण चिमटीत धरला तर तेवढा भरेल, आणि तो जिभेवर ठेवला तर कळणारही नाही. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या तो पार आत होता. या पाच वर्षांत त्या वजनाशी ताडून पाहिलेली शेकडो वजनं बाहेर गेली, औषधांच्या कारखान्यांत गेली, सोनारांकडे गेली, आणि कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण सत्तावीस वर्षं तो ज्या खोलीत काम करत आला होता तिथे वजनाला हात लावत नाहीत. मऊ चामड्याचे हातमोजे घालतात आणि वर चिमट्याने उचलतात. श्वासही तोंड वळवून सोडतात. त्यामुळे मिठाचा कण असला तरी ही गोष्ट लाजेची होती, आणि बाई खिडकीकडे बघत होत्या त्या एवढ्याचसाठी.

आतल्या खोलीच्या किल्ल्या तीनच. एक बाईंकडे, एक त्याच्याकडे आणि एक पूर्वीच्या साहेबांकडे असायची. ते निवृत्त झाले आणि वर्षभरात वारले. ‘तुमचा असेल का हो?’ बाईंनी विचारलं, चहा घेणार का विचारावं इतक्या सहज. ‘माझाच असणार,’ तो म्हणाला. म्हणाला आणि त्याला आश्चर्य वाटलं, कारण हे वाक्य त्याने जुळवलेलं नव्हतं. ते कुणीतरी आधीच तयार करून त्याच्या तोंडात ठेवलेलं होतं आणि बाईंनी विचारल्याबरोबर बाहेर पडलं. त्याला ऑफिसात सगळे काटेकोर म्हणत, समोरसुद्धा, आणि तो रागवत नसे, कारण नाव खोटं नव्हतं. न तपासता तो घड्याळातली वेळही सांगत नसे. बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. ‘तुमचा? तुम्ही तर बोटांची नखंसुद्धा मोजून कापणारा माणूस.’ त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, बघा, आठवून बघा, घाई नाही, वजन गुरुवारी परत येतंय, तोवर अहवालाचा कागद माझ्याकडेच आहे.

आठवून बघायला त्याला कपाटापर्यंत जावं लागलं नाही. तारीख त्याला माहीत होती. चार वर्षांपूर्वीचा तो दिवस, मंगळवार. एका वजनाच्या चार मोजण्या असतात: आधी प्रमाण, मग तपासायला आलेलं परकं, पुन्हा परकं, शेवटी प्रमाण. दोन मोजण्यांच्या मध्ये चौदा मिनिटं थांबायचं, कारण माणूस काट्याजवळ नुसता गेला तरी त्याच्या अंगाच्या उबेने आतली हवा हलते आणि आकडा डळमळतो. त्या दिवसाचे चारही आकडे त्याला दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत पाठ होते. दुसरी मोजणी झाली आणि बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. बायकोचा होता. आई गेली, या. तो ‘हो’ म्हणाला. मग तिसरी मोजणी आणि मग चौथी. चौथीनंतर त्याने नोंदवहीत सही केली, साबणाने हात धुतले, पिशवी घेतली, बस पकडली आणि घरी गेला. हे त्याला असं आठवे की जणू एका वहीतलं दुसऱ्या वहीत उतरवून घेतलं आहे. आठवणीत आवाज नव्हता, वास नव्हता, आणि फोनवर बायको नेमकं काय म्हणाली याचे शब्दही नव्हते; ‘आई गेली’ हेसुद्धा त्याने मागाहून, अर्थावरून, भरलेलं असावं. आकडे मात्र होते. घरी पोचला तेव्हा शेजारपाजारची चार माणसं जमलेली, आई पलंगावर, आणि बायको दाराशी. तिने विचारलं, ‘कुठे होतात इतका वेळ?’ आणि त्याने खरं ते सांगितलं. खरं सांगायला तो कधीच घाबरला नव्हता. ‘दोन मोजण्या राहिल्या होत्या,’ तो म्हणाला. बायको त्याच्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘तुमची आई होती ती.’ त्यानंतर चार वर्षांत तिने हे वाक्य पुन्हा काढलं नाही, पण घरात ते होतं. जेवताना ताटं मांडली की तेही मांडलेलं असे.

तेव्हापासून तो वाट बघत होता. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस, आणि एक मामा म्हणाले, असं आत कोंडून ठेवू नकोस, वाहून जाऊ दे. त्याने आत बघितलं. कोंडलेलं काही सापडलं नाही. आज ना उद्या येईल, असं त्याने धरलं. उशीर झालेल्या गाडीसारखं ते येईल, धाडकन येईल, आपण तयार असावं. पाचव्या दिवशी तो कामावर गेला. महिना गेला, वर्ष गेलं. मधूनमधून तो स्वतःची परीक्षा घेई. आईचा चष्मा टेबलाच्या खणात होता, तो काढून समोर ठेवी आणि बघत बसे. एका काडीला तिने दोरा गुंडाळला होता. लहानपणी तो चार वर्षांचा होईस्तोवर बोललाच नाही, म्हणून ती त्याला मुक्या म्हणायची, पन्नाशी उलटली तरी म्हणायची, लोकांसमोर. थंडीत तिची बोटं गार पडत, आणि तो जेवत असला की मागून येऊन ती त्याच्या मानेवर टेकवायची आणि त्याने दचकावं म्हणून हसायची. हे सगळं त्याला स्वच्छ दिसे. दिसे आणि काही होत नसे. तो चष्मा पुन्हा खणात ठेवी. मग हळूहळू त्याच्या मनात एक शंका घर करून बसली, आणि ती त्याने कुणालाही सांगितली नाही, कारण सांगितली असती तर लोकांनी डॉक्टरचा पत्ता दिला असता. शंका अशी की आत कुणी नाहीच. हात आहेत, डोळे आहेत, सही करणारा आहे, बसचं तिकीट काढणारा आहे, विचारलं की उत्तर देणारा आहे. पण हे ज्याचं म्हणायचं तो घरमालक कधीचा उठून गेला आहे, किंवा मुळात आलाच नव्हता. माणसं आपापल्या आत कुणीतरी असल्याचं इतक्या खात्रीने बोलतात की त्याला त्यांचा हेवा वाटे. त्याच्या धंद्यात तर खात्री ही फार महाग वस्तू. कुठलंही वजन स्वतःहून किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ते दुसऱ्या वजनाशी ताडायचं, ते तिसऱ्याशी, आणि असं करत करत वर जायचं, आणि सगळ्यात वर जे आहे तेही माणसांनी एकत्र बसून ठरवलेलं. शिवाय पोलाद पोलाद म्हणतो तेही दिसतं तसं स्वस्थ नसतं. त्याला हवा चिकटते, वाफ चिकटते, चिमट्याने त्याचं कणभर कातडं जातं. एक किलो म्हणजे एक किलोच्या आसपास सतत हलत राहणारी एक गोष्ट. हे त्याला नवीन नव्हतं. नवीन कामावर आलेल्यांना तो हे हसत हसत सांगे. फक्त हल्ली सांगून झाल्यावर तो आपल्या पंजाकडे बघे.

फोटो हातात घेऊन तो नोंदवहीपाशी गेलाच शेवटी, सवयीने. मंगळवारचं पान काढलं. पहिली मोजणी अकरा दहा. दुसरी अकरा चोवीस. तिसरी अकरा बावन्न. चौथी बारा सहा. त्याने पुन्हा वाचलं. अक्षर त्याचं होतं, कुठे खाडाखोड नव्हती. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये चौदा मिनिटं हवीत, तिथे अठ्ठावीस होती. चौदा मिनिटं जास्त. सत्तावीस वर्षांच्या वह्या उलथ्यापालथ्या केल्या तरी दुसरीकडे कुठे असं सापडलं नसतं, आणि हे पान त्याच्या डोळ्यांखालून चार वर्षांत दहा वेळा गेलं असेल, पण त्याने आकडे बघितले, वेळा बघितल्या नाहीत. त्या चौदा मिनिटांचं त्याच्याकडे काहीही नव्हतं. फोन, मग तिसरी मोजणी: त्याच्या डोक्यात ही दोन अगदी खेटून उभी होती, मध्ये सुई जायला जागा नव्हती. आणि इथे तर एक माणूस जेवून येईल एवढी जागा. तो खुर्चीवर बसला. रिसीव्हर धरायला उजवा हातमोजा काढला असणार. काढला, तो परत घातल्याचं आठवत नाही. म्हणजे उघड्या हाताने आत गेलो असणार, आणि ते उचललं असणार, प्रमाण वजन, मुठीत, आणि धरून उभा राहिलो असणार. असणार, असणार. पण ठसा होता ना. ठसा काही ‘असणार’ नव्हता, तो होता, धातूत उतरलेला, वरच्या प्रयोगशाळेने पाहिलेला, वजनासकट. म्हणजे त्या चौदा मिनिटांत तिथे कुणीतरी होतं. ज्याला आपल्याला न विचारता, कायदा मोडून, काहीतरी घट्ट धरावंसं वाटलं असं कुणीतरी. त्याने पान मिटलं. छातीत काही हललं का, ते बघायला तो थोडा वेळ थांबला. हललं नाही, पण आपण थांबलो आहोत हे त्याला बरं वाटलं.

बायको घरी कपडे दुरुस्त करायचं काम करी; बाह्या आखूड करणं, कमरा सैल करणं, फाटलेलं असं रफू करणं की मालकालाही जागा सापडू नये. आई होती तोवर तिचं औषधपाणी आणि हे काम दोन्ही त्याच खोलीत चाले. तो घरी आला तेव्हा ती मशीनवर होती. चहा झाला. पाच-दहा मिनिटं तो तिच्या मागच्या खुर्चीवर नुसता बसला, हे नेहमीचं नव्हतं, म्हणून तिनेच विचारलं, ‘काय झालं?’

‘आज एक पत्र आलं,’ तो म्हणाला. ‘आमच्या एक किलोवर ठसा सापडलाय. अंगठ्याचा.’

‘कुणाचा?’

‘माझा असणार. आई गेली त्या दिवसाचा.’

मशीन थांबलं. त्याने पत्रातलं सगळं सांगितलं, एकसष्ट मायक्रोग्रॅम, मान, धातू, आणि मग नोंदवहीतल्या वेळा सांगितल्या. त्याच्या आवाजात चढउतार नव्हता; पगारातली कपात समजावून सांगावी तसा तो बोलत होता. ‘चौदा मिनिटं हरवली आहेत,’ तो म्हणाला. ‘त्यांचा हिशेब लागत नाही मला.’

‘हरवली कुठली,’ ती म्हणाली. ‘माझ्याकडे आहेत ती.’ तिने मान वळवलीच नव्हती. ‘फोन चालू होता, अहो. मी म्हटलं, आई गेल्या. तुम्ही हो म्हणालात. मग काही नाही. तुम्ही ठेवलाही नाहीत आणि बोललाही नाहीत. मी हॅलो हॅलो करतेय. तिकडून नुसता घूं असा आवाज, तुमच्या त्या थंड खोलीचा. एका हाताने मी त्यांचं तोंड मिटवून धरलं होतं आणि दुसऱ्या हातात फोन. तुम्हाला वाटेल लगेच ठेवला असेल. नाही. कितीतरी वेळ. मला वाटलं, ह्या माणसाने फोन टेबलावर ठेवला आणि गेला आपल्या वजनाकडे.’ तिने सुईखालचं कापड सोडवलं. ‘मी तेच धरून चालले आत्तापर्यंत.’

‘गेलोच असणार,’ तो म्हणाला. ‘पण उघड्या हाताने.’

तेव्हा ती वळली. ‘उघड्या हाताने? तुम्ही?’ आणि ती हसली, चार वर्षांत न हसल्यासारखं, मोठ्याने. ‘घरातला दुधाचा पेलासुद्धा तुम्ही काठाला धरता, डाग पडेल म्हणून!’ हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने ते लपवायला शिवायला आलेली कुणाची तरी बाही तोंडावर धरली. तो उठला, पण जवळ जाऊन काय करतात हे त्याला सुचेना, म्हणून उभाच राहिला. ‘म्हणजे तुम्ही तिथे होतात,’ ती बाहीच्या आतून म्हणाली. ‘मी दगडाला हॅलो हॅलो करत नव्हते.’ तिने डोळे पुसले आणि नाक ओढलं. ‘मला ते बघायचंय. तुमच्या बाईंना विचारा. मी येते गुरुवारी.’

दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं. कुणी मागितलेलं नव्हतं. बाईंच्या कागदावर तीनच रकाने होते: काय घडलं, कधी घडलं, ठसा कोणाचा. पण पुरावा जोडल्याशिवाय त्याने आजवर एकही कागद वर पाठवला नव्हता, आणि इथेही सोबत आपल्या अंगठ्याचा ठसा असावा, म्हणजे वाचणाऱ्याला ताडून बघता येईल, असं त्याला वाटलं. इतरांना वाटलं असतं तर त्यांनी ‘जाऊ दे’ म्हटलं असतं. शिक्क्याच्या शाईचं पॅड घेऊन त्याने उजवा अंगठा टेकवला, मग पांढऱ्या कागदावर. शेजारी फोटो ठेवला आणि भिंग धरलं. शाळेत असताना मुलं एकमेकांची बोटं बघत बसत, कुणाला किती शंख आणि कुणाला किती चक्रं. त्यानंतर त्याने आपली बोटं अशी कधी बघितली नव्हती. अंगठ्यावर चक्र होतं. एकात एक गेलेली, पुरती मिटलेली वर्तुळं. फोटोत शंख होता. रेषा एका बाजूने येत, वर वळत आणि आल्या त्याच बाजूने निघून जात. त्याने डावा अंगठा बघितला: चक्र. मग एकेक करून दहाही बोटं टेकवली. शंख होते, दोन्ही करंगळ्यांवर, पण फोटोतल्या ठशाच्या निम्म्यालाही पुरणार नाहीत एवढे. त्याने बोटं धुतली. शाई निघेना, तेव्हा दगडाने घासली. बाईंच्या बोटांकडे बघावं, किंवा साहेबांची जुनी फाइल काढावी, असं त्याच्या मनातही आलं नाही, आणि ते मनात येत नाही हे त्याच्या लक्षात आलं. ठसा कुणाचा आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणंच नव्हतं. तो आपला नाही, एवढीच बातमी होती.

चौदा मिनिटं पुन्हा रिकामी झाली, आणि आता तर आधीपेक्षा जास्त, कारण आता त्यांना एक साक्षीदार होता. बायकोने ऐकलेला तो घूं आवाज त्याला दिवसभर ऐकू येत राहिला. रिसीव्हर टेबलावर पडलेला आहे. किंवा हातात आहे. धरणारा उभा आहे आणि ऐकतो आहे. किंवा उभा आहे आणि ऐकत नाही. यातलं कुठलंही एक खरं असेल, आणि जे खरं आहे ते जगात कुठेतरी पक्कं झालेलं असेल, हवेतल्या कुठल्या तरी कणाला तेवढा धक्का बसलेला असेल. पण तो धक्का मोजायला आता काटा नाही. स्वतःच्याच बाबतीत आपण ऐकीव माहितीवर आहोत. शिवाय समजा ठसा त्याचा असता, तरी ज्या अंगठ्याने तो उठवला त्याची कातडी कधीच झडून गेली असती. या चार वर्षांत किती वेळा निघून गेली आणि नवी आली. तीच वर्तुळं नव्या कातडीवर कोण आखतं? कुणाच्या आठवणीने? कातडीला आठवतं आणि मला नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि हा विचार इतका शहाण्या माणसासारखा वाटला की त्याला त्याचाच कंटाळा आला. खरी गोष्ट साधी होती. घरी जाऊन सांगायचं होतं.

घरी बायको गुणगुणत होती. त्याने चपला काढल्या आणि मनाशी म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवताना तिने आईचा विषय काढला, चार वर्षांत पहिल्यांदा, आणि काढला तो असा की जणू रोजचाच आहे: आईंना कशी प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या मोजायची खोड होती, आणि मध्ये कुणी बोललं तर कशा खाली जाऊन पुन्हा पहिल्यापासून मोजत यायच्या. तो हसला. आपण हसलो हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग फोनवर ती आपल्या बहिणीला सांगताना त्याने ऐकलं, ‘अगं, ह्यांचं तसं नव्हतंच. हातून सुटलं असतं वजन, एवढं झालं होतं ह्यांना. मीच आपली उगाच...’ बहीण बहुधा काहीतरी चेष्टा करत होती, कारण ती म्हणाली, ‘गप गं, दगडालाही पाझर फुटतो कधीतरी.’ तो आतल्या खोलीत उभा होता, टॉवेल हातात घेऊन. सांगायचं तर आत्ता. अळीमिळी गुपचिळी करून बसावं असा त्याचा स्वभाव नव्हता. तो नाकासमोर चालणारा, मोजणी राहिली होती तर मोजणी राहिली होती म्हणून सांगणारा माणूस. पण ते तसं सांगूनच चार वर्षं गेली होती. बुधवारीही त्याने सांगितलं नाही. बुधवारी त्याने खणातून आईचा चष्माही काढला नाही. काहीतरी मात्र होतं, आणि त्याचं नाव त्याला उशिराने सापडलं. त्याला भीती वाटत होती. उद्या ती भिंगातून बघेल, आणि तिची नजर रफूची आहे, दोऱ्यातला दोरा ओळखणारी. तिला दिसेल, आणि मग या वेळी ती काहीच विचारणार नाही. पहिल्या वेळी तिने निदान कुठे होतात म्हणून विचारलं होतं.

गुरुवारी ती अकराला आली. ठेवणीतले कपडे घातले होते आणि केस नीट बांधले होते; समारंभाला आल्यासारखी ती जिन्याच्या तोंडाशी थांबली. बाई म्हणाल्या, ‘या या वहिनी, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आणलं ह्यांनी तुम्हाला.’ आतल्या खोलीत नेता येत नाही, तिथे बाहेरच्या माणसाने गेलं तर हवा बिघडते, असं सांगून त्यांनी बाहेरच्याच खोलीत टेबलावर सगळं मांडलं होतं: मखमलीवर ते वजन, वर काचेचं झाकण, एका बाजूने तिरपा दिवा आणि दांडीला लावलेलं मोठं भिंग. फोनही त्याच टेबलाच्या कोपऱ्यात होता. बायकोने आधी फोनकडे बघितलं. ‘हाच का?’ तिने विचारलं, आणि तो म्हणाला, ‘हो.’ मग ती वाकली. ‘एवढंसं आहे,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं मोठं असेल.’ बाईंनी दिवा जरा खाली केला. पोलादावरची चकाकी सरकली आणि त्या चकाकीत धुरकट, पण रेघ न रेघ वेगळी, असा तो ठसा वर आला.

ती बघत राहिली. सुईत दोरा ओवताना तिचा श्वास थांबतो तसा थांबलेला होता. तिने मान न उचलता हात मागे केला. ‘हात द्या तुमचा,’ ती म्हणाली. त्याने दिला. तिने त्याचा उजवा अंगठा दिव्याखाली ओढून घेतला, उताणा केला, आपल्या नखाने त्यावरची एक रेघ धरली आणि ती कुठे जाते ते बघत गेली. रेघ गोल फिरून परत नखापाशी आली. तिने दुसरी धरली. तीही आली. मग ती पुन्हा भिंगावर वाकली, आणि आता ती जास्त वेळ वाकून होती. बाई सहज, पाहुणचाराच्या सुरात सांगत होत्या की याचं काही एवढं नाही, मर्यादेच्या आतलंच आहे. फक्त कागद पुरा करायचा. ‘नक्की आठवत नसेल ना, काटेकोर, तर मी अज्ञात लिहिते. उलट तेच बरं. तुमचं नाव घातलं तर नियमाप्रमाणे वर्षभर तुम्हाला आतल्या खोलीत पाठवता यायचं नाही, बाहेर पावत्या तपासत बसावं लागेल. कशाला?’ तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि कागद टेबलावर ठेवून, आलेच, म्हणून त्या गेल्या.

‘तो शंख आहे,’ तो म्हणाला. ‘माझं—’

‘दिसतंय मला.’

‘परवाच कळलं होतं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी सांगणार होतो.’

ती सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो शोधत होता ते दुसरंही काही नव्हतं. लांबचा प्रवास करून आलेल्या माणसासारखी ती थकलेली दिसत होती. ‘मग तेव्हा तुम्ही काय करत होतात?’ तिने विचारलं. ‘मी हॅलो हॅलो करत होते तेव्हा?’

‘मला माहीत नाही,’ तो म्हणाला. ‘खरंच नाही माहीत. तिथे काही नाहीच आहे. मी किती वेळा बघितलं.’

अंगठा तिच्या मुठीतच होता. ‘सांगितलं का नाहीत मग?’ ती म्हणाली. ‘तुम्ही तर सगळं सांगता.’

‘तू गुणगुणत होतीस,’ तो म्हणाला.

बाहेर बाईंच्या चपलांचा आवाज आला. बायकोने एकदा त्या वजनाकडे बघितलं, एकदा फोनकडे. ‘मी त्या वेळी दुसऱ्या टोकाला एकटी होते, असं धरून नाही जगू शकत आता आणखी,’ ती अगदी हळू म्हणाली. ‘चार वर्षं जगले. पुरे झालं मला.’ बाई आत आल्या, पेन उघडत. ‘मग? अज्ञात ना?’

‘ह्यांचाच आहे,’ बायको म्हणाली. ‘मी ताडून बघितला. लिहा.’

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ‘नक्की?’ त्याने आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, एक शून्य इकडचं तिकडे केलं नव्हतं. तो म्हणाला, ‘नक्की. माझाच.’ बाईंनी खांदे उडवले, रकान्यात त्याचं नाव लिहिलं, आणि कागद सहीसाठी त्याच्यापुढे फिरवून पेन टेकवलं. त्याला पेन घेता येईना. बायकोने अंगठा सोडला नव्हता. उलट ती तो आवळत चालली होती, आधी नुसता धरल्यासारखा, मग पिळल्यासारखा, नखाखालचं मांस पांढरं पडेपर्यंत, आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती. कळ मनगटापर्यंत आली, मग कोपरापर्यंत. त्याने हात ओढायचा म्हटलं, पण ओढला नाही.

‘दुखतंय,’ तो म्हणाला. आवाज त्याला ओळखू आला नाही.

‘असू दे,’ ती म्हणाली, आणि सोडलं नाही.